थकलेला एलीया व त्याची देवानें केलेली शुश्रूषा

(पाठाचे शास्त्रभाग: १ राजे, अध्याय १९, निर्गम १८:१३–२७, मार्क ६:३०–३२)

आपल्या मंडळ्यांतून एक दुखणें असें आहे कीं, त्यांत ना ताप येतो, ना जखम दिसते. माणूस सकाळीं उठतो, शेतावर जातो, उपासनेसही येऊन बसतो. परंतु रात्रीं त्यास झोंप नसते, अन्न गोड लागत नाहीं, लहानशा शब्दानें तो संतापतो, छातींत धडधडतें व डोकें जड राहतें. कोणाच्या डोक्यावर कर्ज असतें, कोणाच्या घरांत दारू शिरलेली असते, कोणाची लेक सासरीं सुखी नसते, कोणाचें पीक दोन वर्षें लागोपाठ बुडालेलें असतें. अशा माणसास आपण बहुधा एकच उत्तर देतों कीं, तुमचा विश्वास कमी पडला, अधिक प्रार्थना करा. हें उत्तर देण्यापूर्वीं, देवानें अशाच एका माणसास काय उत्तर दिलें तें पाहणें अगत्याचें आहे. आजच्या पाठाचा विषय तोच आहे.

१. एलीया झुडुपाखालीं कसा आला

कर्मेल डोंगरावर एलीया बआलाच्या ४५० संदेष्ट्यांपुढें एकटा उभा राहिला. त्यानंतर मोठा पाऊस आला, आणि तो अहाब राजाच्या रथापुढें धांवत इज्रेलापर्यंत गेला. इतक्यांत ईजबेल राणीचा निरोप आला कीं, उद्यां ह्या वेळेपर्यंत तुझा जीव घेईन. तेव्हां तो जीव घेऊन पळाला. बैर-शेबा येथें त्यानें आपल्या चाकरास ठेविलें आणि एकटाच एक दिवसाची वाट रानांत गेला. तेथें रतामाच्या झुडुपाखालीं बसून त्यानें देवाजवळ मरण मागितलें.

वाचकांनीं येथें थांबून विचार करावा. हा माणूस भित्रा नव्हता; कालपर्यंत त्याच्याइतका धीट पुरुष त्या देशांत दुसरा नव्हता. तो अविश्वासीही नव्हता. मरण मागावयाचें तेंही त्यानें प्रार्थनेंतच मागितलें. मग त्यास झालें तरी काय? तो थकला होता. फार दिवसांचें भय, फार दिवसांचे श्रम, उपाशी पोट, आणि सोबतीस कोणी नाहीं, ह्या चार गोष्टी एकत्र आल्या म्हणजे धीटांतला धीट माणूसही झुडुपाखालीं येऊन बसतो.

२. ताणानें देहांत काय घडतें

शेतांतून जातांना अचानक बिबट्या समोर आला तर काय होतें तें सर्वांस ठाऊक आहे. काळीज धडधडतें, श्वास वाढतो, अंगास घाम सुटतो. आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर दोन लहान ग्रंथि आहेत. त्यांतून अॅड्रिनॅलिन नांवाचा रस रक्तांत उतरतो, आणि पचनाचें काम मंद करून शरीर आपलें बळ हातापायांस पुरवितें. अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठाचे वॉल्टर कॅनन यांनीं १९१५ सालच्या आपल्या ग्रंथांत ह्या घडामोडीचें वर्णन करून दाखविलें कीं, ही देहाची लढण्याची किंवा पळण्याची तयारी होय. ही उत्पन्नकर्त्याची देणगी आहे. बिबट्या निघून गेला म्हणजे थोड्या वेळांत सर्व पूर्ववत् शांत व्हावें, अशी तिची योजना आहे.

परंतु कर्ज हा बिबट्या नव्हे. तो झेप घेत नाहीं आणि निघूनही जात नाहीं. रात्रंदिवस उंबरठ्यावर बसून राहतो. मग त्या ग्रंथींसही विसांवा मिळत नाहीं. कॉर्टिसॉल नांवाचा त्यांचा दुसरा एक रस आहे, त्याचा रोजचा चढउतार बिघडतो. १९३६ सालीं कॅनडांतील मॅकगिल विद्यापीठांत हान्स सेल्ये यांनीं उंदरांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. कोणास थंडींत ठेविलें, कोणाकडून अति श्रम करविले, कोणास विषारी औषध टोंचलें. कारणें निरनिराळीं, पण परिणाम एकच: त्या ग्रंथि सुजलेल्या, रोगाशीं झगडणारे अवयव आक्रसलेले व जठरांत व्रण पडलेले. पहिल्यानें देह दचकतो, मग नेट धरून टिकतो, आणि शेवटीं त्याचें बळ सरतें, असे तीन टप्पे त्यांनीं सांगितले. एलीयाच्या गोष्टींतही हे तिन्ही टप्पे दिसून येतात.

म्हणून जो माणूस महिनोन् महिने ताणाखालीं आहे, त्याचा रक्तदाब वाढला, झोंप उडाली किंवा तो वरचेवर आजारी पडूं लागला, तर तें सोंग नव्हे. जूं खांद्यावरून न काढतां बैलास रात्रीही उभा ठेविला तर सकाळीं तो नांगर ओढणार नाहीं. आणि त्यास मारून उपयोग होणार नाहीं, हें प्रत्येक शेतकऱ्यास कळतें. माणसाविषयीं मात्र हीच गोष्ट आपण विसरतों.

३. शरीराची शुश्रूषा

आतां देवानें काय केलें तें पाहा. त्यानें एलीयास रागें भरलें नाहीं व उपदेशही केला नाहीं. प्रथम त्यास झोंपूं दिलें. मग देवदूतानें त्यास स्पर्श करून उठविलें; उशाशीं निखाऱ्यांवर भाजलेली भाकर व पाणी होतें. तो जेवला आणि पुन्हां निजला. दूत दुसऱ्यांदा आला, पुन्हां खाऊं घातलें, आणि पुढची वाट लांबची आहे एवढेंच सांगितलें. दोनदां झोंप व दोनदां अन्न, हा पहिला उपचार होय.

(अ) झोंप. प्रौढ माणसास रात्रीं निदान ७ तास झोंप असावी. निजण्याची व उठण्याची वेळ एकच ठेवावी. संध्याकाळनंतर चहा टाळावा, कारण त्यांतील द्रव्य कित्येक तास मेंदूस जागें ठेवतें. निजतांना मोबाइल दूर ठेवावा. दारूनें झोंप लागते असें पुष्कळांस वाटतें. पण ती उत्तररात्रीं झोंप मोडते. तंबाखू व मशेरी यांनीं क्षणभर बरें वाटतें, तें बहुतेक तलफ शमल्यामुळें. थोड्या वेळानें तलफ पुन्हां उठते व बेचैनी वाढविते.

(आ) अन्न. चिंताग्रस्त माणूस जेवण चुकवितो. त्यास ठरल्या वेळीं थोडें तरी खावयास द्यावें. आपल्या पुष्कळ घरांत बाई सर्वांच्या मागून, उरलें तें खाते. पुरुषांनीं हें ध्यानांत घ्यावें कीं, जिचें अंग अशक्त तिचें मन बळकट राहणें कठीण.

(इ) चालणें. अन्न खाऊन एलीया चाळीस दिवस व चाळीस रात्री होरेबापर्यंत चालला. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं सांगितलेल्या प्रमाणानुसार प्रौढांनीं आठवड्यांत १५० ते ३०० मिनिटें मध्यम श्रमाचा व्यायाम करावा. जो शाळेंत किंवा कचेरींत बसून काम करितो त्यानें रोज अर्धा तास चालावें. परंतु जी बाई दिवसभर खुरपणी करून घरीं येते तिला व्यायामाचा उपदेश करूं नये. तिचा हंडा कोणी उचलावा, हाच तिचा उपचार.

(ई) श्वास. भयानें श्वास उथळ व जलद होतो. आपल्या हृदयाची धडधड आपण हुकुमानें थांबवूं शकत नाहीं, पण श्वास आपल्या हातीं आहे. ताठ बसून पोटावर हात ठेवावा. चार अंक मोजीपर्यंत नाकानें श्वास आंत घ्यावा व सहा अंक मोजीपर्यंत हळू सोडावा. लांब उच्छ्वासाच्या वेळीं व्हेगस नांवाच्या मज्जातंतूच्या द्वारें हृदयाची गति मंदावते. असें पांच मिनिटें, दिवसांतून दोनदां करावें. चक्कर आल्यास थांबून नेहमींसारखा श्वास घ्यावा. त्यानंतर मुठी, खांदे, जबडा व पाय हे एकेक करून आंवळावे आणि सैल सोडावे. अमेरिकेंतील वैद्य एडमंड जेकबसन यांनीं १९२९ सालीं प्रसिद्ध केलेल्या शिथिलीकरणाच्या रीतींतूनच ही सोपी रीत पुढें प्रचारांत आली.

४. मनाची शुश्रूषा

देह सावरल्यावर देवानें एलीयास प्रश्न विचारिला कीं, तूं येथें काय करीत आहेस? सर्वज्ञ देवास उत्तर ठाऊक होतें. तरी त्यानें विचारिलें, कारण एलीयास तें बोलून दाखविण्याची गरज होती. एलीयानें आपलें गाऱ्हाणें सांगितलें. पुढें तोच प्रश्न पुन्हां विचारिला गेला, आणि एलीयानें तेंच गाऱ्हाणें पुन्हां सांगितलें. देवानें त्यास मध्येंच तोडलें नाहीं. उपदेशक बंधूंनो, भेटीस गेलां असतां हें स्मरणांत ठेवा. दुःखिताचें बोलणें दुसऱ्यांदा ऐकण्याचा धीर ही मोठी सेवा आहे.

मनाच्या शुश्रूषेच्या तीन सोप्या रीती येथें देतों.

पहिली, चिंतेस नांव द्यावें. मनांत घोळणारी चिंता रात्रीं दहापट मोठी दिसते. ती कागदावर लिहावी. लिहितां येत नसेल तर विश्वासू माणसाजवळ बोलावी. मग तिचे दोन भाग करावे: माझ्या हातांतील व माझ्या हाताबाहेरील. पाऊस हाताबाहेर आहे. सावकाराचें, सोसायटीचें व बँकेचें देणें किती, व्याज किती, मुदत केव्हां, हें एका कागदावर मांडणें हातांत आहे. बँकेंत एकट्यानें जाण्यास संकोच वाटत असेल तर मंडळीतील जाणत्या माणसानें बरोबर जावें.

दुसरी, थकलेल्या मनाची साक्ष पूर्ण खरी मानूं नये. एलीया म्हणाला, मी एकटाच उरलों. देवानें सांगितलें, बआलापुढें गुडघे न टेकलेले ७००० मी राखून ठेविले आहेत. थकलेलें मन 'कोणीच नाहीं', 'कधींच नाहीं', 'सर्व संपलें' असे शब्द वापरतें. ते शब्द ऐकूं आले म्हणजे प्रेमानें विचारावें कीं, खरोखर कोणीच नाहीं काय?

तिसरी, सोडून दिलेलें एक लहान काम पुन्हां धरावें. मन उदास झालें म्हणजे माणूस कामें सोडतो, आणि कामें सुटलीं म्हणजे मन अधिक उदास होतें. हें चक्र कामाच्या बाजूनें फिरवितां येतें. गोव्यांतील १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र उदासीनतेनें पीडित अशा ४९५ रुग्णांवर ह्या रीतीचा अभ्यास झाला व तो २०१७ सालीं प्रसिद्ध झाला. भेटीस जाणारे कोणी डॉक्टर नव्हते. शिकवून तयार केलेलीं साधीं माणसें होतीं. तरी ज्यांस नेहमींच्या उपचाराबरोबर ह्या भेटी मिळाल्या, त्यांत बरे होणारांचें प्रमाण अधिक आढळलें. परसांतील चार झाडांस पाणी घालणें, शेजाऱ्याकडे बसावयास जाणें, एवढ्यापासूनही आरंभ होतो.

५. आत्म्याची शुश्रूषा

होरेबावर वादळ आलें, भूमिकंप झाला, अग्नि आला. परंतु देव त्यांत नव्हता. त्यानंतर आला तो मंद व शांत वाणीचा स्वर. एलीया कर्मेलावर अग्नि पाहून आला होता. आतां त्यास शांततेची गरज होती.

आपल्या प्रार्थनासभा पुष्कळदां मोठ्या आवाजाच्या व घाईच्या असतात. थकलेल्या जिवास दिवसांतून पंधरा मिनिटें तरी अशी प्रार्थना असावी कीं, जींत तो बोलत कमी व थांबतो अधिक. एक लहान वचन घ्यावें, तें संथपणें म्हणावें, प्रत्येक शब्दाशीं विसांवा घ्यावा. इटलींतील बर्नार्डी व त्यांच्या सोबत्यांनीं २००१ सालीं ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्यें २३ निरोगी माणसांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. रोमन मंडळींतील जपमाळेची लॅटिन प्रार्थना व योगाभ्यासांतील मंत्र, दोन्ही संथपणें म्हटले असतां श्वास मिनिटास सुमारें ६ वर आला, आणि हृदयाचा ताल अधिक सुसंगत झाला. यावरून काय शिकावें? देह सर्व माणसांचा एकच आहे, आणि संथ उच्चारानें तो शांत होतो. पण एवढ्यानें प्रार्थना संपत नाहीं. प्रार्थना ही रक्तदाबाची गोळी नव्हे. जो आपलें ऐकतो त्याशीं तें बोलणें आहे. देह शांत झाला तर उत्तम. न झाला तरी ऐकणारा तेथेंच आहे.

आणखी एक गोष्ट. स्तोत्रसंहितेंत विलापाचीं स्तोत्रें पुष्कळ आहेत. देवापुढें रडणें, त्यास 'कां' असें विचारणें, हें शास्त्रानें निषिद्ध मानिलें नाहीं. ज्यास गाणें सुचत नाहीं त्यास जबरदस्तीनें गावयास लावूं नये; त्याच्याबरोबर विलापाचें स्तोत्र वाचावें.

६. सोबती व वांटून घेतलेलें ओझें

शेवटीं देवानें एलीयास काम दिलें आणि सोबती दिला. तो सोबती अलीशा होय. जो बैर-शेब्यास चाकर सोडून एकटा निघाला होता, तो परत एकटा राहिला नाहीं.

आफ्रिकेंतील झिंबाब्वे देशांत, हरारे शहरीं, २००६ सालीं डिक्सन चिबांडा नांवाच्या मनोविकारतज्ज्ञांनीं एक साधी योजना आरंभिली. डॉक्टर फार थोडे. पण वस्तींत आज्या पुष्कळ. त्यांस शिकवून दवाखान्याच्या आवारांत बांकावर बसविलें. त्या लोकांचे शोना भाषेंत ह्या दुखण्यास एक नांव आहे, 'कुफुंगिसिसा', म्हणजे फार विचार करणें. ज्यास तें झालें त्यानें बांकावर येऊन बसावें, आजीनें ऐकावें, मग दोघांनीं मिळून एक अडचण निवडावी व तिच्यावर करतां येईल असा एक उपाय ठरवावा. २४ दवाखान्यांत ५७३ जणांवर ही रीत तपासली गेली व २०१६ सालीं फळ प्रसिद्ध झालें: सहा महिन्यांनंतर बांकावर बसलेल्यांचीं दुःखलक्षणें इतरांपेक्षां पुष्कळ कमी होतीं. वाचकहो, आपल्या गांवीं बांक नसेल. पण देवळाची पायरी आहे, आणि अनुभवी आजीबाईही आहेत.

हीच गोष्ट सेवकांसही लागू आहे. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचा न्याय करीत बसे. त्याच्या सासऱ्यानें, इथ्रोनें, त्यास सांगितलें कीं अशानें तूंही झिजशील व लोकही झिजतील. कामें वांटून दे. प्रभूच्या शिष्यांसही जेवावयास सवड होईना, तेव्हां त्यानें त्यांस एकांतीं विसांवा घेण्यास नेलें. जो उपदेशक आठवड्याचा एकही दिवस विसांवा घेत नाहीं, तो प्रभूपेक्षां अधिक आवेशी नव्हे. तो केवळ झुडुपाच्या वाटेवर आहे.

७. ताणाचें कारण विसरूं नये

एलीया परत आला तेव्हां ईजबेल जिवंतच होती. देवानें त्यास सुखाच्या देशीं नेलें नाहीं. आलेल्या वाटेनें परत पाठविलें, आणि अन्यायी राज्य बदलण्याचें काम दिलें. म्हणून श्वास, झोंप व प्रार्थना हीं कारण झांकण्याचीं साधनें होऊं नयेत. ज्या बाईस नवरा मारतो तिला केवळ शांत राहण्यास शिकविणें हा उपचार नव्हे. तिला सुरक्षित जागीं नेणें व कायद्याचें साह्य मिळवून देणें हा उपचार आहे. ज्याची मजुरी बुडविली गेली त्यास प्रथम मजुरी मिळावी. शुश्रूषा ही पुढील वाटेसाठीं बळ देते. ती वाट टाळण्यासाठीं नाहीं.

८. जेव्हां कोणी मरणाची भाषा करितो

एलीयाचे शब्द आपल्या गांवांतही ऐकूं येतात. असे शब्द थट्टेवारी नेऊं नयेत व त्यावर रागावूंही नये. 'जीव द्यावासा वाटतो काय?' असें सरळ व मायेनें विचारावें. विचारल्यानें तो विचार मनांत भरत नाहीं, उलट बोलण्यास वाट मिळते. त्यास एकटें सोडूं नये. घरांतील कीटकनाशक त्याच घटकेस दुसरीकडे हलवावें. त्याच दिवशीं सरकारी रुग्णालयांत न्यावें. भारत सरकारची टेलि-मानस ही दूरध्वनीची सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजीं सुरू झाली. १४४१६ ह्या क्रमांकावर ती दिवसरात्र व विनामूल्य मिळते. कोणी प्रयत्न करून वांचला असेल तर पोलिसांच्या भयानें लपवूं नये; २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानें अशी व्यक्ति तीव्र ताणाखालीं होती असें गृहीत धरलें आहे, आणि तिला शुश्रूषा व उपचार देण्याचें कर्तव्य सरकारवर ठेविलें आहे.

तसेंच, उदासी किंवा झोंपमोड दोन आठवड्यांहून अधिक टिकली तर डॉक्टरास दाखवावें. रक्तक्षय व थायरॉइडचा विकार यांनींही माणूस असाच खचतो. दिलेलीं औषधें आपल्या मतानें बंद करूं नयेत. देवदूतानें आणलेली भाकर खाणें हें जसें अविश्वासाचें नव्हतें, तसें औषध घेणेंही नव्हे.

सारांश

देवाच्या शुश्रूषेचा क्रम असा: झोंप, अन्न, चालणें, ऐकून घेणें, शांतता, सत्य, काम व सोबती. ह्या क्रमांत उपदेश फार उशीरा येतो, आणि दोष तर कोठेंच नाहीं. आपणही थकलेल्या बंधूच्या घरीं जातांना प्रथम भाकर घेऊन जावें, वचन नंतर उघडावें. भाकरीबरोबर गेलेलें वचन त्याच्या कानीं लवकर पोंचेल.

विचारार्थ प्रश्न

१. एलीयाच्या थकव्याचीं कारणें कोणतीं? त्यांतील कोणतीं आपल्या गांवीं दिसतात?
२. देवानें एलीयास प्रश्न दोनदां कां विचारिला असावा?
३. आपल्या मंडळींत रात्रीं झोंप नसलेलें घर कोणतें? ह्या आठवड्यांत तेथें कोण जाईल व काय घेऊन जाईल?
४. आपल्या उपदेशकाचें कोणतें काम मंडळीतील इतरांस वांटून घेतां येईल?